टोकाकडून आत

सकाळी ७:१०

आल्या आल्या पहिली नजर सिलिंडरच्या काट्यावर. कार्बोजेन, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आज दिवसभर द्रावणातून बुडबुडत राहायला हवा. दुपारी तीनला तो संपला तर मेंदूचे काप गुदमरतात, आणि पुण्यात दुपारी तीनला फोन केल्याबरोबर सिलिंडर आणून देणारा कुणी भेटत नाही. काटा अर्ध्याच्या वर आहे. पुरेल.

मग तराजू. मेंदूतल्या पेशींभोवती जे खारं पाणी असतं त्याची नक्कल रोज ताजी करावी लागते: साधं मीठ, पोटॅशियम क्लोराइड, खायच्या सोड्यातलं बायकार्बोनेट, किंचित फॉस्फेट, ग्लुकोज. आधी कार्बोजेन सोडायचा, आम्लता जागेवर येऊ द्यायची आणि मगच कॅल्शियम घालायचं. घाई केली की सगळं गढूळ होतं आणि बेसिनमध्ये जातं. शेवटी मॅग्नेशियम क्लोराइड. एरवी ते लिटरमागे एक मिलिमोल असतं. आज तीन बाटल्या आहेत आणि तिन्हींत त्याचं प्रमाण वेगळं आहे. ते घालण्याचं काम ज्युनियरने करायचं आणि बाटल्यांवर फक्त अ, ब, क लिहायचं, असं ठरलंय. कुठली बाटली कुठली हे तिच्या वहीत. आपल्याला हवं तेच आपल्याला दिसतं हा माणसाचा स्वभाव, त्यावर एवढाच इलाज.

८:२०

प्राणीगृहातले काका पिंजरा आणून देतात आणि रजिस्टरवर सही घेतात. तीन आठवड्यांचा पांढरा उंदीर. संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीने मंजूर केलेल्या अर्जात लिहिलंय त्याच पद्धतीने, आधी भूल देऊन, पुढचं काम होतं. त्यावर मी लांबण लावत नाही. आमच्याकडे एकच नियम आवाज चढवून सांगितला जातो: एका जिवामागे मिळालेले काप वाया घालवायचे नाहीत.

मेंदू झटपट बर्फगार द्रावणात जातो. मागचा भाग, जिथे डोळ्यांकडून आलेल्या माहितीवर काम चालतं, तो वेगळा करून फेव्हिक्विकच्या थेंबाने पाटीवर चिकटवते. कापणाऱ्या यंत्राचं पातं थरथरत, अगदी सावकाश पुढे सरकतं. कापाची जाडी ३०० मायक्रोमीटर. खरी कसोटी कोनाची. मला ज्या पेशी हव्यात त्यांच्या वृक्षिका, प्रयोगशाळेच्या बोलीत डेंड्राइट, कापाच्या पातळीत पसरलेल्या राहायला हव्यात. कोन तिरका बसला तर पेशी जिवंत दिसते, पण तिच्या फांद्या छाटलेल्या असतात. आणि माझं सगळं काम फांद्यांवरच.

काप ३४ अंशांच्या द्रावणात अर्धा तास ठेवायचे, नंतर खोलीच्या तापमानाला. त्यांना सावरायला वेळ लागतो. मलाही.

९:३०

कँटीनमध्ये पोहे आणि चहा. ज्युनियर नवीन आहे, भौतिकशास्त्रातून आलेली, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. ‘‘ताई, शाळेत तर एवढंच होतं की वृक्षिका संदेश आत आणतात आणि अक्षतंतू बाहेर नेतो. मग आत आणणाऱ्या भागात एवढं बघण्यासारखं काय?’’

शाळेतलं चित्र चुकीचं नाही. ते १९४३ मध्ये थांबलेलं आहे. त्या वर्षी शिकागोत मॅकलॉक आणि पिट्स यांनी चेतापेशीचं गणिती रूप मांडलं: आलेले संदेश एकत्र करायचे, बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर पेशी पेटते, नाही तर गप्प. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिच्यातला ‘न्यूरॉन’ मुळात याच बेरजेवर उभा आहे. या चित्रात डेंड्राइट म्हणजे निव्वळ वायर. संदेश कुठे पडला, कुणाशेजारी पडला, कुणाच्या आधी पडला, याला काही किंमत नाही.

त्याला किंमत आहे हे कागदावर पहिल्यांदा दाखवणारा माणूसही भौतिकशास्त्रातूनच आलेला. विल्फ्रिड रॉल, अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणारा. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांमधून संदेश किती विरतो हे काढण्यासाठी जी समीकरणं वापरली गेली, तीच त्याने डेंड्राइटला लावली. डेंड्राइट ही गळकी तार आहे: टोकाला दिलेला विजेचा धक्का पेशीच्या धडापर्यंत येताना लहान होतो, पसरट होतो आणि उशिरा पोचतो. १९६४ मध्ये रॉलने याच्यातून एक साधी पण खोल गोष्ट काढली. एका शाखेवर ओळीने संदेश द्या. आधी टोकाला, मग सरकत सरकत धडाकडे, असे दिले तर लांबचे आणि जवळचे सगळे धडाशी जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि उंच लाट उठते. उलट क्रमाने दिले तर प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी येतो आणि लाट बुटकी राहते. संदेश तेच, जागा त्याच, फक्त क्रम उलटा.

ज्युनियर पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत म्हणते, ‘‘म्हणजे बेरजेला क्रम कळतोय. मग ती बेरीज कशी?’’ हिला लॅबच्या मॅडमनी उगाच घेतलेलं नाही.

१०:४५

रिगवर, म्हणजे पेशींची वीज मोजण्याच्या यंत्रणेवर. खोलीत लाल दिवा, कारण जे औषध वापरायचंय ते प्रकाशाने फुटतं. मेज दाबलेल्या हवेवर तरंगतं, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. तरीही शेजारची लिफ्ट चालू झाली की पडद्यावर ५० हर्ट्झचा कुरकुरता काटा उमटतो. एसीची झडप बंद करावी लागते, नाही तर वाऱ्याच्या झोताने पिपेट हलतं. जुलैचा दमट पुणेरी उकाडा, बंद खोली, बंद झडप.

पिपेट म्हणजे काचेची नळी तापवून ओढलेलं टोक, तोंड एखाद-दोन मायक्रोमीटर रुंद. सूक्ष्मदर्शकाखाली इन्फ्रारेड प्रकाशात काप करड्या रंगाचा दिसतो. १९९३ मध्ये हायडेलबर्गला स्टुअर्ट, डोट आणि साकमान यांनी हीच युक्ती वापरून, डोळ्यांनी पाहत, थेट डेंड्राइटवर पिपेट बसवून दाखवलं. त्याआधी बरंचसं काम अंदाजाने चाले. डेंड्राइटची जाडी एका मायक्रोमीटरच्या आसपास. मी आज तेवढं धाडस करणार नाही, धडावरच बसणार.

मेंदूच्या बाह्यपटलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या थरातली पिरॅमिडच्या आकाराची एक पेशी निवडते. कडा स्वच्छ, पोत गुळगुळीत. फुगलेली, ठळक केंद्रक दिसणारी पेशी कितीही मोठी असली तरी सोडून द्यायची. ती मरणपंथाला लागलेली असते. पिपेटमधून हलका दाब ठेवून खाली उतरते. पेशीच्या पडद्यावर खळगी पडली की दाब सोडायचा आणि नळीतून तोंडाने अगदी किंचित ओढायचं. हो, तोंडाने. लाखोंचं यंत्र आणि शेवटचं काम ओठांचं. पडद्यावरचा अडथळ्याचा आकडा मेगाओहमवरून गिगाओहमवर उडी मारतो. सील बसलं. आणखी एक छोटा झटका, आणि आतलं व्होल्टेज दिसायला लागतं: उणे ७६ मिलिव्होल्ट. छान.

११:३०

आता थांबायचं. पिपेटमधला रंग फांद्याफांद्यांत पसरायला वीसेक मिनिटं लागतात. या वेळात कुणी दार उघडलं तर मी फार वाईट बोलते.

१२:०५

रंग पोचला. लेसर फिरवल्यावर काळ्या पडद्यावर एक एक फांदी उजळते आणि तिच्यावरचे काटे दिसू लागतात. यातल्या बहुतेक काट्यांवर एकेक सिनॅप्स, म्हणजे दुसऱ्या पेशीचा संदेश येऊन धडकण्याची जागा. अशा पेशीवर त्या हजारोंनी असतात. मी धडाच्या खालच्या बाजूची एक आडवी, बारीक शाखा धरते आणि तिच्यावर टोकापासून आतपर्यंत आठ काटे निवडते.

द्रावणात बंदिस्त ग्लुटामेट सोडलेलं आहे: ग्लुटामेटच्या रेणूला एक कुलूप, जे लेसरच्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या ठिणगीने तुटतं. म्हणजे ज्या काट्यापाशी ठिणगी पाडू, तिथेच आणि तेव्हाच संदेश आल्याचा भास पेशीला होतो. आधी आठही काटे सुटेसुटे तपासते. प्रत्येकाने धडाशी अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास उसळी दिली पाहिजे. कमी-जास्त असेल तर ठिणगीची जागा केसभर सरकवायची. हे काम कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. इथे आठ समान नसतील तर पुढच्या क्रमाच्या गोष्टीला अर्थ उरत नाही.

मग खेळ सुरू. टोकाकडून आत, दर दोन मिलिसेकंदांनी एक. लाट उठते. पंधरा सेकंद विश्रांती. आतून टोकाकडे. लाट उठते, पण खांद्याएवढीच. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, मधेच संगणकाने ठरवलेले उलटसुलट क्रम. फरक डोळ्यांना दिसतो, मोजायची गरजही पडत नाही.

हा प्रयोग मुळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला: ब्रँको, क्लार्क आणि हाउसर, २०१०. त्यांनी दाखवलेली खरी गंमत अशी, की हा फरक रॉलच्या गळक्या तारेतून पूर्णपणे निघत नाही. एवढ्याशा शाखेवर पोचण्याच्या वेळांत तफावत ती किती असणार? फरक मोठा करणारं काही तरी शाखेतच बसलेलं आहे, आणि ते आहे एनएमडीए नावाचं ग्लुटामेटचं ग्राहक-दार. ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी ते एरवी उघडत नाही, कारण त्याच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बूच बनून बसलेला असतो. आजूबाजूचं व्होल्टेज आधीच वर चढलेलं असेल तरच बूच उडतं. १९८४ मध्ये पॅरिस आणि बेथेस्डातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे हे शोधलं. म्हणजे हे दार एका वेळी दोन गोष्टी विचारतं: संदेश आला का? आणि शेजारी आधीपासून हालचाल आहे का?

आता शाखेचा आकार लक्षात घ्या. टोकाला ती बारीक आणि पुढे बंद. धडाकडे ती एका प्रचंड पोकळीत उघडते. तेवढंच फुलपात्रभर पाणी लोटीत ओतलं तर पातळी चढते, परातीत ओतलं तर तळही धड भिजत नाही. टोकाला पडलेला पहिला संदेश तिथलं व्होल्टेज भराभर चढवतो, बुचं उडतात, आणि उघडलेली ही दारं दहा-वीस नव्हे, त्याहूनही जास्त मिलिसेकंद उघडी राहतात. मागोमाग येणारे संदेश या चढलेल्या पातळीवर स्वार होत धडाकडे जातात. उलट क्रमात पहिले संदेश धडाशेजारी पडतात, धड ती वीज पिऊन टाकतं, बुचं जागची हलत नाहीत, आणि टोकाला काही घडेपर्यंत मैफल संपत आलेली असते.

पेशी पेटण्याची मर्यादा या दोन लाटांच्या मधे कुठे तरी असेल, तर एका क्रमाला पेशी ‘हो’ म्हणेल आणि दुसऱ्याला ‘नाही’. एका शाखेने दिशा ओळखली. तेवढ्यासाठी पेशींचं जाळं लागलं नाही.

२:०५

पेशी गेली. व्होल्टेज उणे पन्नासकडे घसरलं आणि वर येईना. वहीत वेळ लिहिली, पिपेट काढलं, जेवायला.

डब्यावर रोजचा वाद. शेजारच्या टेबलावरचा संगणकशास्त्राचा मित्र विचारतो, ‘‘तुमची एक पेशी एक्सॉर करते म्हणे?’’ दोनांपैकी एकच आला तर हो, दोन्ही आले तर नाही, या तर्काला एक्सॉर म्हणतात. बेरीज करून मर्यादा तपासणाऱ्या एकट्या थराला तो जमणं शक्य नाही, हे मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं होतं. बर्लिनमध्ये लार्कम यांच्या गटाने अपस्माराच्या आणि गाठींच्या शस्त्रक्रियांत काढलेल्या माणसाच्या मेंदूच्या तुकड्यांवर काम केलं आणि जानेवारी २०२० मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या थराच्या डेंड्राइटमध्ये कॅल्शियमच्या जोरावर उठणारी एक विचित्र ठिणगी दाखवली. चेतवणी जेमतेम मर्यादेला पोचली की ती सगळ्यात उंच, आणि चेतवणी वाढवत नेली की ती उलट दबत जाते. जास्त दिलं की कमी मिळतं. अशा ठिणगीतून एका पेशीत एक्सॉर बांधता येतो हे त्यांनी संगणकी प्रतिकृतीतून दाखवलं.

मी त्याला हेच सांगते: ‘करू शकते’ आणि ‘करते’ यांत एक अख्खा मेंदू उभा आहे. त्याला ते पळवाटेसारखं वाटतं.

३:००

दुसरा काप, दुसरी पेशी. सील बसायला वेळ लागला, पण बसलं. ही टिकाऊ निघाली.

आधी पुरावा. टोकाकडून आत, आतून बाहेर, फरक दिसला. मग एपी-५ सोडते, एनएमडीए बंद करणारं औषध. दहा मिनिटांत दोन्ही लाटा बुटक्या होतात आणि जवळजवळ एकमेकींवर बसतात. उरलेला किंचित फरक रॉलच्या वाट्याचा म्हणायचा. धुऊन काढायला मात्र अर्धा तास गेला.

मग बाटल्या. आमचा स्वतःचा प्रश्न इथे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या नेडरगार्ड गटाने उंदरांत दाखवलं, की झोप आणि जाग यांच्याबरोबर मेंदूतल्या पाण्याचं मीठच बदलतं: जाग आली की पोटॅशियम वाढतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घटतं, झोपेत उलट. आता शाखेची क्रम ओळखण्याची ताकद मॅग्नेशियमच्या बुचावर उभी असेल, तर झोपेतली शाखा आणि जागी शाखा एकच गणित करत असतील का? बूच फार सैल झालं तर दार शेजाऱ्यांना न विचारताच उघडेल आणि आठ संदेशांची पुन्हा साधी बेरीज होईल, अशी माझी अपेक्षा आहे. अपेक्षा आहे म्हणूनच बाटल्यांवर अ, ब, क.

पुस्तकांत चेतापेशीच्या गणिताबद्दल लिहिताना ते सर्किट असल्यासारखं लिहितात, जणू ते कुठल्याही पाण्यात तसंच चालेल. सर्किटचं गणित तारांत असतं. इथे ते आकारात आहे, क्रमात आहे आणि चिमूटभर मिठात आहे.

५:२०

संगणकापुढे. हात दुखतायत, डोळे लाल. येल विद्यापीठात मायकेल हाइन्स यांनी वाढवलेली ‘न्यूरॉन’ ही प्रणाली आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे. सकाळच्या पेशीचा आकार तिच्यात भरून तेच आठ संदेश देते. वक्र जुळतात, थोडे कमी-जास्त. या भागाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मन लावून केलं तर काम, नाही तर खेळ.

ज्युनियर मात्र मोबाइलवर एक मथळा दाखवते: एक चेतापेशी म्हणजे आठ थरांचं कृत्रिम जाळं. मूळ काम जेरुसलेमचं आहे, बेनियागेव, सेगेव आणि लंडन, २०२१. बाह्यपटलाच्या पाचव्या थरातल्या पेशीची तपशीलवार संगणकी प्रतिकृती घेतली आणि तिची नक्कल करायला खोल जाळ्याला शिकवलं. पाच ते आठ थर लागले. एनएमडीए काढून टाकल्यावर एका लपलेल्या थरात काम भागलं. मला यातलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं, आणि मथळ्यात नेमकं तेच नसतं. शिवाय हे एका प्रतिकृतीची दुसऱ्या प्रतिकृतीने केलेली नक्कल आहे. जिवंत पेशीला आठ थर मोजलेले नाहीत. २००३ मध्ये पोइराझी, ब्रॅनन आणि मेल यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पेशीच्या प्रतिकृतीवरून दोन थरांचं जाळं पुरेसं आहे असं मांडलं होतं. दोन की आठ हा वाद मला थोडा फसवा वाटतो. वेगळी पेशी, वेगळे संदेश, नकलेची वेगळी अचूकता, तर आकडाही वेगळा. ठाम आहे ते एवढंच, की उत्तर ‘एक’ नाही.

७:००

नळ्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन झाल्या. ज्युनियर वही उघडते आणि बाटल्यांची नावं वाचते. ब मध्ये मॅग्नेशियम सगळ्यात कमी होतं, आणि ब मध्येच दोन लाटांतलं अंतर आखडलं होतं. ती हसते. मी हसत नाही. एका पेशीवर कुणी नाचत नाही.

मग ती खरा प्रश्न विचारते. ‘‘पण ताई, जिवंत मेंदूत कोण संदेश असे ओळीने पाठवतं?’’

हा प्रश्न मॅडम दर सेमिनारला विचारतात आणि कुणाकडेच पुरतं उत्तर नाही. २०१० मध्येच म्युनिकच्या कॉनर्थ गटाने जिवंत उंदराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागात पाहिलं, तर एकाच डेंड्राइटवर वेगवेगळ्या कोनांच्या रेषांना दाद देणारे संदेश विखुरलेले निघाले. नीट ओळ वगैरे काही नाही. आमच्यासाठी ती वाईट बातमी. चांगली बातमी २०१३ ची: हाउसर यांच्याच गटाने जिवंत उंदराच्या डेंड्राइटमध्ये, तो रेषा बघत असताना, ठिणग्या टिपल्या आणि या ठिणग्या पेशीची रेषांमधली निवड धारदार करतात असं दाखवलं. आणि तिसरी बातमी बंगळुरूची. एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उपिंदर भल्ला यांनी २०१७ मध्ये गणिताने मांडलं, की डेंड्राइटच्या आतली रासायनिक क्रिया आणि रेणूंचं पसरणं यांच्या जोरावर शाखा काही सेकंदांत उलगडणारा क्रमही ओळखू शकेल. प्राणी चालत जाताना एकामागून एक जागा ओलांडतो, तो वेग मिलिसेकंदांचा नसतोच.

‘‘म्हणजे आपण फार घाईने ठिणग्या पाडतोय?’’

कदाचित. पण उद्यासाठी ती एक चांगली सूचना करते: आठ काटे एका शाखेवर घेण्याऐवजी चार-चार करून दोन शेजारच्या शाखांवर वाटायचे. हैफाच्या शिलर आणि लॉस एंजेलिसच्या मेल यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं, की एका शाखेवर जवळजवळ पडलेले दोन संदेश बेरजेहून जास्त देतात आणि दोन शाखांवर वाटले की साधी बेरीज उरते. मग क्रमाचा फरकही दोन शाखांत वाटला की विरायला हवा. विरला नाही, तर आमच्या स्पष्टीकरणात कुठे तरी भोक आहे.

मी वहीत लिहून घेते. सकाळी सातला ये, म्हणते. ती म्हणते, लोकल वेळेवर असली तर सव्वासात.